सेल सिग्नलिंगचा कुठलाही पाथवे घोकंपट्टी न करता कसा वाचायचा

पाथवेचा, म्हणजे बाहेरची बातमी पेशीला कळून तिचा प्रतिसाद येईपर्यंतच्या साखळीचा, डायग्राम समोर आला की बहुतेक जण वरून सुरुवात करतात. आधी रिसेप्टर (बाहेरचा सिग्नल पकडणारं प्रोटीन), मग त्याच्या खालचं प्रोटीन, मग त्याच्याही खालचं, असं एकेक बाण उतरत न्यूक्लियसपर्यंत पोचायचं आणि वाटेतली सगळी नावं घोकून टाकायची. परीक्षा निघते त्यावर, नाही असं नाही. पण आठ दिवसांनी कोणी साधं विचारलं की ही पेशी इथे नक्की करतेय काय, तर काही सुचत नाही, कारण नावं डोक्यात गेलेली असतात आणि काम कळायचं राहून गेलेलं असतं. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतेय आणि हल्ली डायग्राम सगळ्यात शेवटी दाखवते, आधी मुलांना काही प्रश्न विचारायची सवय लावते. पाथवे बॅक्टेरियाचा असो, डोळ्यातला असो की कॅन्सरमधला, प्रश्न तेच चालतात.

कागद-पेन घ्या खरंच. नुसतं वाचून हे अंगात मुरत नाही.

पेशीला नक्की काय जाणून घ्यायचंय ते आधी लिहा

एकही प्रोटीनचं नाव न लिहिता एक वाक्य लिहायचं, पेशीला इथे काय कळायला हवंय. हे सोपं वाटतं पण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण "बाहेर साखर आहे का" आणि "बाहेर साखर वाढतेय का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींना लागणारी यंत्रणा वेगळी असते.

ई. कोलाय घ्या. ताज्या कल्चरचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवा, फेज कॉन्ट्रास्ट असेल तर उत्तमच, आणि एकाच जीवाणूवर नजर ठेवून बघा. लांबी जेमतेम २ मायक्रॉन. तो सरळ रेषेत सुर्रकन जातो, साधारण एक सेकंद, मग एकदम थबकतो, जागच्या जागी गिरकी घेतो, ती गिरकी सेकंदाच्या दहाव्या भागात संपते, आणि मग तोंड जिकडे वळलं असेल तिकडे परत सरळ. वेग सेकंदाला २०-३० मायक्रॉन, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापटीहून जास्त अंतर एका सेकंदात कापतो. दहा मिनिटं डोळा लावून बसलात तरी हे सगळं उगाच भरकटणं वाटतं, आणि बरंचसं ते भरकटणंच असतं, फक्त त्यात एक बारीक फरक असतो जो नुसत्या डोळ्याला पकडता येत नाही.

तो फरक १९७२ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी पकडला. त्यांनी असा मायक्रोस्कोप वापरला की जीवाणू हलला की त्याच्याखालची चेंबर उलट दिशेने हलायची आणि जीवाणू कायम मध्यावरच राहायचा, त्यामुळे एकेकाचा पूर्ण रस्ता कागदावर उतरवता आला. दिसलं असं की जीवाणू आवडत्या पदार्थाच्या दिशेने चालला असेल तर त्याची सरळ धाव लांबते. उलट्या दिशेने चालला असेल तर धाव फारशी आखडत नाही, नेहमीइतकीच राहते. म्हणजे दिशा ठरवायची सोयच नाहीये त्याच्याकडे, गिरकीनंतर तोंड कुठेही वळतं, पण "चाललंय ते बरं चाललंय" एवढं कळलं की गिरकी पुढे ढकलता येते. एवढ्यावर तो योग्य जागी पोचतो!

आता तुमच्या कागदावरचं वाक्य तपासा. "पदार्थ आहे का" असं लिहिलं असेल तर खोडा. त्याला कळून घ्यायचंय की "मघापेक्षा आता जास्त आहे का". अंगाच्या दोन टोकांना किती किती पदार्थ आहे याची तुलना तो करत नाही, २ मायक्रॉनच्या अंगात तो फरक इतका किरकोळ असतो की रेणूंच्या येण्याजाण्याच्या गोंधळातच बुडून जाईल. तो वेळेची तुलना करतो. याचा पुरावा फार सुंदर आहे, आणि तोही १९७२ चाच. रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कोशलँड यांनी साल्मोनेला घेतला आणि त्याच्या आजूबाजूचा आवडता पदार्थ एका झटक्यात सगळीकडे सारखा वाढवला. कुठल्याच दिशेला जास्त नाही, कुठे कमी नाही, जायचं ठिकाणच नाही. तरीही ते जीवाणू थोडा वेळ सरळच पोहत राहिले, जणू चढणीवर आहेत. मग हळूहळू मूळ चालीवर आले.

आठवण कुठे ठेवलीय ते शोधा

मघाशी किती होतं हे माहीत असायचं तर मघाचं कुठेतरी लिहून ठेवायला हवं. म्हणून पुढचा प्रश्न, ह्या पाथवेत आठवण कशात साठवलीय?

ई. कोलायमध्ये रिसेप्टर रिकामा असेल तर त्याला जोडलेलं चे-ए हे कायनेज (फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) चालू राहतं, ते चे-वाय नावाच्या छोट्या प्रोटीनवर फॉस्फेट चढवतं, फॉस्फेटवालं चे-वाय सुटं फिरत फिरत शेपटीच्या मोटरला जाऊन चिकटतं आणि मोटर उलटी फिरते, शेपट्यांची जुडी सुटते, गिरकी. आवडता पदार्थ रिसेप्टरला चिकटला की चे-ए गप्प होतं, इकडे चे-झेड आहे ते चे-वायवरचे फॉस्फेट काढतच असतं, त्यामुळे मोटरपाशी पोचणारं चे-वाय कमी पडतं आणि धाव लांबते. इथपर्यंतचं सगळं सेकंदाच्या आत होतं.

पण एवढंच असतं तर पदार्थ भरपूर असलेल्या ठिकाणी जीवाणू कायमचा सरळच पोहत बसला असता. तसं होत नाही कारण चे-आर नावाचं एक एन्झाइम रिसेप्टरवर हळूहळू मिथाइल गट चढवत असतं, एकेका रिसेप्टरवर त्यासाठी मुख्य अशा चार जागा असतात, आणि मिथाइल जितके जास्त तितका रिसेप्टर चे-एला परत जागं करायला बघतो. चे-बी ते मिथाइल उतरवतं, आणि चे-बीला कामाला लावतं कोण तर चे-ए स्वतःच. थोडक्यात काय, रिसेप्टरला चिकटलेला पदार्थ म्हणजे "आत्ता", रिसेप्टरवरचे मिथाइल म्हणजे "थोड्या वेळापूर्वी", आणि चे-एची चालूबंद अवस्था म्हणजे दोन्हींमधला फरक. वजाबाकी करणारी पेशी आहे ही. आणि ही आठवण मुद्दाम हळू लिहिली जाते, मिथाइल जर लगेच चढले असते तर आत्ता आणि मघाशी एकच झालं असतं आणि वजाबाकीत शून्य उरलं असतं. मला हा सगळा भाग दरवेळी नव्याने आवडतो, मेंदू नाही, नर्व्ह नाही, चार मिथाइलवर काम भागलंय.

तेव्हा कुठलाही पाथवे बघताना असं काहीतरी शोधा जे हळू बदलतं. बाकी सगळं झटपट आणि एकच गोष्ट रेंगाळतेय असं दिसलं की बहुतेक वेळा आठवण तिथेच असते.

बंद कोण करतं

हा प्रश्न मी सगळ्यात वरचा मानते. पुस्तकातले डायग्राम चालू होण्याचे बाण ठळक काढतात आणि बंद होण्याचे एक तर काढतच नाहीत किंवा कोपऱ्यात बारीक, आणि त्यामुळे मुलांच्या डोक्यात सिग्नल म्हणजे एकदा पेटला की पेटला असं बसतं. पण जो सिग्नल विझत नाही त्यातून पुढची बातमी कळणार कशी? दारावरची बेल सतत वाजत राहिली तर नवीन कोणी आलंय हे कधीच कळणार नाही.

करून बघा. ॲड्रेनलिन आणि लिव्हरची पेशी घ्या, पुस्तकात असतोच हा पाथवे. ॲड्रेनलिन आत शिरत नाही, बाहेरच रिसेप्टरला चिकटतं. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते अर्ल सदरलँड आणि सहकाऱ्यांच्या १९५० च्या दशकातल्या कामामुळे, त्यांनी लिव्हरच्या पेशी फोडून पडद्याचे तुकडे वेगळे काढले, त्यावर हॉर्मोन टाकलं, आणि त्यातून जो छोटा, उकळला तरी न बिघडणारा पदार्थ तयार झाला तो उरलेल्या द्रवात टाकला तर तिथे हॉर्मोनचं काम झालं. तो सायक्लिक एएमपी. सदरलँडना त्यासाठी १९७१ चं नोबेल मिळालं. तर रिसेप्टर हलतो, त्याच्या आतल्या बाजूला 'जी प्रोटीन' नावाचं प्रोटीन असतं (जीडीपी हा छोटा रेणू धरलेला असला की बंद, जीटीपी धरलेला असला की चालू), त्यातला जीडीपी निघून जीटीपी बसतो, त्याचा अल्फा भाग सुटा होऊन ॲडेनिलिल सायक्लेजला चालू करतो, ते सायक्लिक एएमपी बनवत सुटतं, त्याने पीकेए नावाचं कायनेज जागं होतं, ते पुढच्या कायनेजवर फॉस्फेट चढवतं, ते ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजवर, आणि शेवटी ग्लायकोजेन तुटून ग्लुकोज बाहेर. वाटेत प्रत्येक एन्झाइम एकाचे अनेक करत जातं म्हणून बाहेरच्या चिमूटभर हॉर्मोनने आत एवढी खळबळ होते.

आता दुसऱ्या रंगाचं पेन घ्या आणि प्रत्येक बाणाशेजारी तो बाण कोण पुसतं ते लिहा. रिसेप्टर: त्यावर एक कायनेज फॉस्फेट चढवतं आणि मग अरेस्टिन येऊन बसतं, जी प्रोटीनला जागाच मिळत नाही. अल्फा: तो जीटीपी स्वतःच तोडतो, म्हणजे बंद व्हायचं घड्याळ त्याच्या अंगातच आहे. सायक्लिक एएमपी: त्याला तोडणारं फॉस्फोडायएस्टरेज. फॉस्फेट: ते उतरवणारं फॉस्फेटेज. एक जरी बाण बिनपुसता राहिला तर पाथवे अजून कळलेला नाही असं समजा आणि परत शोधा.

ह्याचा फायदा कुठे होतो बघा. कॉलराचं टॉक्सिन आतड्याच्या पेशीत जाऊन नेमकं त्या अल्फाचं घड्याळ मोडतं, त्यावर एक गट चिकटवतं आणि मग त्याला जीटीपी तोडता येत नाही. बाहेरून कोणी हाक मारत नाहीये, पण आत सायक्लिक एएमपी चढलेलं ते चढलेलंच, क्लोराइडचं चॅनल उघडं, क्लोराइड आतड्यात जातं, मागोमाग सोडियम आणि पाणी, आणि माणसाच्या अंगातून दिवसाला कित्येक लिटर पाणी जातं. टॉक्सिनने काहीच नवीन बनवलं नाही, फक्त बंद करायचं बटण काढून घेतलं. (आणि ओआरएस चालतं ते ह्याच पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारं दुसरं दार असतं म्हणून, त्या दाराला टॉक्सिन हात लावत नाही.) रासची गोष्टही हीच आहे. रास हे सुद्धा जीटीपीवर चालू आणि जीडीपीवर बंद होणारं प्रोटीन, पण त्याच्या बाराव्या जागेवरचा ग्लायसिन हा अमिनो ॲसिड बदलला की जीटीपी तुटणं जवळपास थांबतं आणि वाढायची ऑर्डर कोणी न देता चालू राहते. कॅन्सरमध्ये सापडणारा हा फार नेहमीचा बदल आहे. एकदा बंद करणाऱ्यांची यादी केली की असे आजार वेगळे पाठ करावे लागत नाहीत, यादीत कुठे बोट ठेवायचं तेवढं कळावं लागतं.

वेळ बघा, पेशी बघा

हे दोन पटकन होतात. चॅनल उघडणं मिलिसेकंदात, फॉस्फेट चढणं सेकंदाच्या काही भागापासून मिनिटांपर्यंत, जीन चालू होऊन नवीन प्रोटीन बनणं मिनिटं ते तास. तेव्हा एखाद्या ठिकाणी प्रतिसाद ५ सेकंदात आलाय असं लिहिलं असेल तर त्यात जीन शोधत बसू नका. कॅल्शियम इतकं पटकन का काम करतं हेही ह्यातच कळतं, पेशीच्या आत ते साधारण १०० नॅनोमोलर असतं आणि बाहेर १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजारपट, त्यामुळे बनवायचं काहीच नसतं, दार उघडलं की झालं.

आणि कागदाच्या वर कुठली पेशी ते लिहाच. ॲड्रेनलिनने हृदयाचे ठोके वाढतात आणि तेच ॲड्रेनलिन आतड्याच्या स्नायूला सैल करतं. ॲसिटिलकोलिनने हातापायाचा स्नायू आखडतो आणि हृदय मंदावतं. रेणूत अर्थ नसतो, ऐकणाऱ्या पेशीकडे कुठला रिसेप्टर आहे आणि त्यामागे काय जोडलंय त्यावर अर्थ ठरतो.

दोन अटी असतील तर चार खणांचा तक्ता काढा

लॅक ऑपेरॉनला, म्हणजे ई. कोलायच्या लॅक्टोज ही साखर वापरायच्या जीनच्या गटाला, हे करून बघा. फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांनी १९६१ मध्ये जीन चालूबंद होण्याचं जे मॉडेल मांडलं ते ह्यावरचंच. एका बाजूला लॅक्टोज आहे/नाही, दुसऱ्या बाजूला ग्लुकोज आहे/नाही, आणि चारही खणांत जीन किती चालेल ते भरा. लॅक्टोज नसेल तर रिप्रेसर (जीन अडवून धरणारं प्रोटीन) डीएनएवर बसलेला, ग्लुकोज असो नसो, बंद. लॅक्टोज आहे आणि ग्लुकोजही आहे, रिप्रेसर उठला पण सायक्लिक एएमपी कमी त्यामुळे त्याच्यावर चालणारं, जीनला ढकलणारं दुसरं प्रोटीन जागं नाही, थोडंसंच. लॅक्टोज आहे आणि ग्लुकोज नाही, तेव्हाच जोरात. "हे हवं आणि ते नको" असा हिशेब आहे, दोन प्रोटीन आणि डीएनएचा एक तुकडा यांच्यावर.

इथे हुशार मुलं एक शंका काढतात आणि ती अगदी बरोबर आहे: लॅक्टोज आत घ्यायचं दार त्याच ऑपेरॉनमधून बनतं, मग ऑपेरॉन बंद असताना लॅक्टोज आत जाऊन त्याला चालू करणार कसं? उत्तर असं की बंद म्हणजे पूर्ण बंद नसतं. रिप्रेसर अधूनमधून डीएनएवरून सुटतो, तेवढ्यात थोडी दारं आणि थोडं एन्झाइम बनून जातं, आणि तेवढ्या गळतीवर पेशी बाहेर काय आहे याचा अंदाज घेत राहते. गळती आहे म्हणून तर कळतंय!

सरासरीवर विश्वास ठेवू नका

ग्राफ वाचताना हे फार महत्त्वाचं. बेडकाच्या जातीच्या झेनोपसची अंडपेशी प्रोजेस्टेरॉन दिलं की परिपक्व व्हायला लागते, आणि आत एमएपी कायनेज चालू होतं. भरपूर पेशी एकत्र वाटून मोजलं तर ग्राफ हळूहळू चढतो, हॉर्मोन जास्त तसं कायनेज जास्त. जेम्स फेरेल आणि एरिक मॅकलेडर यांनी १९९८ मध्ये एकेक पेशी वेगळी मोजली, ह्या पेशी मिलिमीटरभर मोठ्या असतात म्हणून ते जमतं, आणि दिसलं की मधलं कोणीच नाही. एखादी पेशी एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. हॉर्मोन वाढवलं की चालू झालेल्यांची संख्या वाढत होती एवढंच. कारण कायनेज स्वतःलाच चालू करणाऱ्या प्रोटीनचं उत्पादन वाढवतं, एकदा उंबरठा ओलांडला की परत फिरणं नाही.

तेव्हा पाथवेत एखादा बाण फिरून मागे येत असेल तर थांबा. मागे येऊन वाढवत असेल तर स्विचची शक्यता, कमी करत असेल तर जुळवून घेणं किंवा हेलकावे. आणि समोरचा ग्राफ लाखो पेशींचा आहे की एकीचा हे मेथड्समध्ये जाऊन बघा, आळस करू नका, इथे मोठेमोठे निष्कर्ष उलटे होतात.

आता एक पूर्ण करून बघू

डोळ्यातली उजेड टिपणारी रॉड पेशी. काय जाणून घ्यायचंय: उजेड आला का, आणि तोही आजूबाजूच्या उजेडाच्या तुलनेत. वेळ: सेकंदाच्या काही भागात, म्हणजे जीनचा संबंध नाही. रस्ता: अंधारात सायक्लिक जीएमपी (सायक्लिक एएमपीसारखाच छोटा रेणू) भरपूर, चॅनल उघडे, सोडियम आणि कॅल्शियम आत येत राहतात, म्हणजे ही पेशी अंधारात चालू आणि उजेडात गप्प, हे उलटं आहे ते अधोरेखित करा. फोटॉन (उजेडाचा कण) ऱ्होडॉप्सिन ह्या रिसेप्टरवर आदळला, जी प्रोटीन हललं, फॉस्फोडायएस्टरेज जागं झालं, सायक्लिक जीएमपी तुटलं, चॅनल मिटले. एका फोटॉनलाही रॉड पेशी प्रतिसाद देते. ॲड्रेनलिनच्या पाथवेत जे फॉस्फोडायएस्टरेज बंद करायचं काम करत होतं ते इथे बातमी पुढे नेतंय, म्हणून नावावरून काम ओळखायला जाऊ नका.

बंद कोण करतं: ऱ्होडॉप्सिनवर कायनेज आणि मग अरेस्टिन, जी प्रोटीन स्वतः जीटीपी तोडतं, सायक्लिक जीएमपी परत बनवायला सायक्लेज. आठवण कुठे: चॅनल मिटले की कॅल्शियम आत यायचं थांबतं पण बाहेर फेकलं जाणं चालूच, त्यामुळे आतलं कॅल्शियम उतरतं, आणि ते उतरलं की सायक्लेज जोरात चालतं, पेशी नव्या उजेडाला सरावते. कॅल्शियमच्या पातळीत "सध्या किती उजेड चाललाय" ते लिहिलेलं आहे. मिथाइलच्या जागी कॅल्शियम ठेवा, ई. कोलायचीच वजाबाकी दिसेल.

पुढचा तुम्ही करा. क्वोरम सेन्सिंग घ्या, विब्रिओ फिशेरी हा चमकणारा बॅक्टेरिया, तो एक छोटा रेणू बाहेर सोडतो आणि तोच रेणू मोजून आपण किती जण जमलोय ते ठरवतो. ल्यूक्स-आय तो रेणू बनवतं, ल्यूक्स-आर तो ओळखतं, आणि ल्यूक्स-आर चालू झालं की ल्यूक्स-आय अजून बनतं. फिरून मागे येणारा बाण दिसलाच असेल. बंद कोण करतं ते शोधायला पेशीच्या बाहेर बघा, गर्दी पांगली, पाण्यात रेणू विरळ झाला तर काय होईल तिथून सुरू करा.